‘बोथ ऑफ माय सिस्टर्स’पुढे ‘अ डॉक्टर’: चूक कानाला का खटकत नाही

‘बोथ ऑफ माय सिस्टर्स वॉन्ट टू बिकम अ डॉक्टर’ या ‘स्पॉटिंग एरर’च्या, म्हणजे वाक्यातला चुकीचा भाग ओळखायच्या प्रश्नात तुम्ही ‘नो एरर’ निवडलंत, उत्तरतालिकेत मात्र शेवटचा भाग चुकीचा दिलाय, आणि ‘यात चुकलं काय?’ असं तुम्ही विचारलंय. तालिका बरोबर आहे, ‘डॉक्टर्स’ हवं. माझेही बरेच गुण नेमके इथेच गेले आहेत, म्हणून जरा लांब लिहितोय. ईच, एव्हरी, एव्हरीवन एकवचनी असतात हे तुम्हाला येतच असणार, त्यात शिरत नाही.

दोष आपल्या कानाचा आहे. मराठीत आकारान्त नसलेली पुल्लिंगी नामं अनेकवचनात बदलत नाहीत: एक बैल, दोन बैल, एक डॉक्टर, दोन डॉक्टर. ‘दोघींनाही डॉक्टर व्हायचंय’ हे अगदी शुद्ध आहे, त्यामुळे इंग्रजीतला ‘अ डॉक्टर’ खटकतच नाही. बिकम, बी, ॲज यांच्यापुढे नाम आलं की मागे जाऊन कर्ता मोजायचा. ‘द सोल्जर्स लॉस्ट देअर लाइफ’ इथेही परीक्षेला ‘लाइव्ज’च हवं असतं. अपवाद एवढाच, की सगळे मिळून एक गोष्ट होत असेल तर एकवचन चालतं: ‘द ब्रदर्स आर अ गुड टीम’.

सर्वनामाचा घोळ याच जातीचा. ‘मुलाने आपली वही आणली’, ‘मुलांनी आपली वही आणली’. ‘आपली’ हे रूप वहीमुळे येतं, आणणारा एक की अनेक याच्याशी त्याला देणंघेणं नाही. इंग्रजीत उलट, हिज की देअर हे मालक ठरवतो. म्हणून सर्वनामावर बोट ठेवून ‘कोणाचं?’ विचारा आणि मागे जा, पुढचं नाम बघू नका. वाटेतलं ‘ॲज वेल ॲज’, ‘अलाँग विथ’ असलं शेपूट पेन्सिलने खोडा: ‘द कॅप्टन, ॲज वेल ॲज द प्लेयर्स, हॅज रिसीव्ह्ड हिज मेडल’. आणि ‘साहेब आले, त्यांनी त्यांची फाइल मागितली’ हे आदरार्थी बहुवचन इंग्रजीत नेऊ नका. साहेब तिथे ‘ही’ किंवा ‘शी’च.

आता ज्याने माझं सर्वांत जास्त नुकसान केलं ते. एका क्लासच्या नोट्समध्ये ठळक अक्षरांत होतं: ‘वन ऑफ दिसलं की पुढचं सगळं एकवचनी.’ ‘वन ऑफ द बॉइज हॅज लॉस्ट हिज बॅग’ इथपर्यंत ते ठीक. पण ‘ही इज वन ऑफ दोज टीचर्स हू लव्ह देअर वर्क’ हे वाक्य जसं आहे तसं बरोबर आहे. ‘हू’ हा ‘टीचर्स’ला चिकटलाय, ‘वन’ला नाही. आपल्या कामावर प्रेम करणारे शिक्षक असतात, हा त्यांतला एक, असा अर्थ. ‘द ओन्ली वन ऑफ द टीचर्स’ असतं तर मात्र ‘हू लव्ह्ज हिज वर्क’ झालं असतं, कारण तसा तो एकटाच. त्या नोट्समुळे मी धडधडीत बरोबर वाक्यं दुरुस्त करत राहिलो. क्लासमध्ये विचारलं तर ‘नियम आहे, पाठ करा’ एवढंच. कारण न सांगणारा नियम पाठ करू नका, हे मी कळकळीने सांगतो. एसएससी सीजीएल या केंद्र सरकारच्या पदवीधर भरती परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात प्रश्न 2 गुणांचा आणि चुकीला 0.50 वजा, म्हणजे बरोबर वाक्य बिघडवलं की 2.50 चा फरक पडतो.

‘एव्हरीवन मस्ट ब्रिंग देअर बुक’बद्दल माझं मत, पटलं तर घ्या. आजच्या इंग्रजीत हे बिनधास्त चालतं, मेरियम-वेबस्टरने 2019 मध्ये ‘दे’ला वर्षाचा शब्दही ठरवलं. पण आपल्याकडचे प्रश्न जुन्या व्याकरणावर बेतलेले असतात. आधी वाक्यात दुसरी ठळक चूक आहे का ते बघा. नसेल तर ‘हिज’ किंवा ‘हिज ऑर हर’ निवडा. प्रत्येक तालिका असंच धरेल याची हमी मी देत नाही.

‘नायदर द प्रिन्सिपल नॉर द टीचर्स हॅव गिव्हन देअर कन्सेंट’ इथे जवळचं नाम बघायचं, पण ही सवलत ‘नायदर-नॉर’, ‘आयदर-ऑर’ असल्या जोड्यांपुरतीच. ‘वन’ने वाक्य सुरू झालं तर पुढे ‘वन्स’ (one’s). ‘वन शुड डू हिज ड्यूटी’ अमेरिकेत चालतं, आपल्या परीक्षेत चूक धरतात. फर्निचर, इन्फर्मेशन, ॲडव्हाइस यांना ‘देम’ नाही, ‘इट’. वाक्य सुधारण्याच्या प्रश्नात अधोरेखित नसलेला भाग बरोबरच धरायचा असतो, त्यामुळे तिथे ‘हॅज’ दिसलं की वचन ठरलं. ‘स्पॉटिंग एरर’मध्ये हा आधार मिळत नाही, तिथे कर्ता स्वतःच मोजावा लागतो.