कागदाची डावी बाजू कोरी का राहते?

वाचकांचे प्रश्न : मेंदूची इजा आणि चित्रकला

प्रश्न : पाच महिन्यांपूर्वी माझ्या यजमानांना पक्षाघात झाला. इजा मेंदूच्या उजव्या बाजूला आहे, डावा हात लुळा आहे, बोलणं स्वच्छ आहे. घड्याळ काढायला सांगितलं, तर बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबतात आणि डावा अर्धा कोरा. चूक दाखवली की चिडतात, "पूर्ण काढलंय" म्हणतात. चष्मा बदलावा का?

उत्तर : चष्म्याने हे सुटणार नाही. त्यांच्या डोळ्यांना डावीकडचं दिसत असलं तरी मेंदूचं लक्ष तिकडे पोचत नाही. उजव्या मेंदूच्या इजेनंतर हे पुष्कळांना होतं. ते खोटं बोलत नाहीत आणि हट्टही करत नाहीत. त्यांच्या लेखी कागद तिथेच संपतो. ताटातलं डावीकडचं तसंच राहणं, डाव्या गालाची दाढी राहून जाणं, चौकटीला डावा खांदा आपटणं, या सगळ्याचं मूळ एकच. काहींची मात्र डावीकडची नजरच गेलेली असते. ते सांगितल्यावर मान वळवून बघतात. दोन्ही तक्रारी एकत्रही असू शकतात, म्हणून नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिक्षेत्र एकदा तपासून घ्या.

जर्मन चित्रकार आन्टोन रेडरशाइट यांना 1967 मध्ये असाच झटका आला होता. त्यानंतर त्यांनी काढलेल्या आत्मचित्रांमध्ये सुरुवातीला चेहऱ्याची डावी बाजू जवळपास नाहीच. पुढच्या महिन्यांत ती हळूहळू भरत गेलेली दिसते. आयुष्यभर चेहरे काढलेल्या हातालाही ही बाजू सापडत नव्हती, हे चिडण्याआधी आठवावं.

आता टेबलाची मांडणी. कागद ए-फोरच्या निम्मा घ्या, मोठा नको. चारही कोपरे मास्किंग टेपने चिकटवा, कारण डावा हात कागद धरू शकत नाही आणि कागद सरकला की सगळं लक्ष तिकडेच जातं. डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत बोटभर रुंद लाल पट्टी रंगवा. प्रत्येक रेघेआधी त्यांनी स्वतः "पट्टी कुठे?" असं म्हणायचं, ती सापडेपर्यंत नजर डावीकडे न्यायची आणि मगच रेघ सुरू करायची. इथे घरोघरी एक चूक होते. आपण दिवसभर "डावीकडे बघा, डावीकडे बघा" म्हणत राहतो. आपण बोलतोय तोवर ते बघतात, आपण थांबलो की विसरतात. तो प्रश्न त्यांच्या तोंडी बसायला हवा. तो बसला की पट्टी बारीक करत न्या, शेवटी नुसता लाल ठिपका ठेवा.

रंगांचा डबा पहिल्याच दिवशी डावीकडे ठेवू नका. सापडला नाही की ते कंटाळून उठतील. मध्यापासून सुरुवात करा आणि दर दोन-तीन दिवसांनी वीतभर डावीकडे सरकवा. डावा हात मांडीवर लोंबकळू देऊ नका. कोपरापासून बोटांपर्यंत टेबलावर, खाली उशी देऊन, कागदाच्या डाव्या कडेशी ठेवा. तो हात ओढून उचलू नका. सैल पडलेला खांदा ओढल्याने निखळतो आणि दुखणं मागे लागतं.

चित्र झालं की काही न बोलता टेप सोडवून कागद, वरची कड खाली येईल असा, टेबलावरच फिरवा. कोरा अर्धा आता उजवीकडे येतो आणि तो त्यांना आपोआप दिसतो. "अरे, इथे काहीच नाही" हे त्यांच्या तोंडून येऊ द्या.

प्रश्न : माझा भाऊ 24 वर्षांचा आहे. अपघातात कपाळामागच्या भागाला मार लागला. कागदासमोर तासभर नुसता बसून राहतो. सुरू केलं तर एकाच गोलावर गोल गिरवतो, कागद फाटेपर्यंत. आळस आहे की हट्ट?

उत्तर : दोन्ही नाही. सुरुवात करणं आणि थांबणं ही दोन्ही कामं मेंदूच्या पुढच्या भागाची, आणि मार तिथेच आहे. "काय काढतोस?" हा त्याच्यासाठी सगळ्यांत अवघड प्रश्न आहे. बारा रंग पुढे ठेवू नका, दोनच ठेवा. पहिली रेघ तुम्ही ओढा, दुसरी त्याला ओढू द्या. मासिकातली पाच-सहा कापलेली चित्रं चिकटवायला दिली तर सुरुवात आणखी सोपी होते. गिरवणं सुरू झालं की नुसतं "बस" म्हणून भागत नाही. ब्रश हळूच घेऊन दुसरं साधन हातात द्या किंवा कागदच बदला. शेवट आधीच डोळ्यांसमोर हवा : पाच चौकटी आखून द्या, पाच भरल्या की काम संपलं.

एका वेळी 15 ते 20 मिनिटं पुरेत. टीव्ही बंद, खोलीत एकच माणूस. रेघ फिकी पडू लागली, जांभया आल्या, डोळे चोळू लागला की लगेच थांबवा. थकलेल्या मेंदूला रेटलं तर उरलेला दिवस चिडचिडीत जातो. ब्रशचं पाणी पेल्यात ठेवू नका. अशी माणसं सवयीने ते पिऊन टाकतात. पसरट वाडगा घ्या आणि पाण्यात मिसळणारे, विषारी नसलेले रंग वापरा. टर्पेंटाइन घरात नको. शस्त्रक्रियेत काढलेला कवटीचा तुकडा अजून परत बसवला नसेल, तर डॉक्टरांनी सांगितलेलं हेल्मेट घालूनच बसवा आणि मान खाली घालावी लागू नये म्हणून फळी उभी ठेवा.

प्रश्न : आईची वाचा गेली आहे. चित्रं काढून बोलणं परत येईल का?

उत्तर : तसं आश्वासन कुणी देऊ नये. वाचा-उपचार चालूच ठेवा. चित्रं त्याच्या जोडीला, शब्द अडतो तिथे वाट काढायला. चष्मा, पांघरूण, औषध, कुठे दुखतंय ते दाखवायला शरीराची बाह्यरेषा, अशी सहा-सात उपयोगी चित्रं रोज थोडी घोटून घ्या. उजवा हात अशक्त असेल तर डाव्या हाताची रेघ वाकडी येणारच; ओळखू आली की पुरे. पेन्सिलीवर फोमची नळी चढवली की पकड सुधारते. "हे काय आहे? सांग बघू!" अशी परीक्षा घेऊ नका. "हे दुखण्याबद्दल आहे का?" असं हो-नाहीत उत्तर देता येईल ते विचारा आणि मनात दहा अंक मोजेपर्यंत थांबा. तुम्हीही तुमचं म्हणणं कागदावर काढून दाखवा, म्हणजे चित्र ही फक्त आजाऱ्याची भाषा राहत नाही.

प्रश्न : हे सगळं म्हणजे आर्ट थेरपीच ना? आणि वडिलांची चित्रं समाजमाध्यमांवर टाकली तर चालतील का?

उत्तर : घरी होतो तो सराव. ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी 'आर्ट थेरपी' हा शब्द 1942 मध्ये रूढ केला. आज तिचं स्वतंत्र प्रशिक्षण असतं. चित्रांतून अपघात, राग, गेलेल्या कामाचं दुःख वर येऊ लागलं, तर प्रशिक्षित थेरपिस्ट हवा. मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी डॉक्टर.

चित्रं वडिलांची आहेत, त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका. बोलता येत नसेल तर चित्र समोर धरा, हो-नाहीची खूण घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. दोन दिवसांची उत्तरं जुळली नाहीत, तर चित्र घरातच राहू द्या. मागे तारीख मात्र घाला. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना तो गठ्ठा उपयोगी पडेल.