घरघर दम्याची की महाधमनीच्या कड्याची?

प्रश्न : माझी नात ७ महिन्यांची आहे. जन्मापासून श्वास घरघरतो, दूध पिताना दमते. वाफारा, दम्याची औषधं झाली. आता इकोनंतर (हृदयाच्या सोनोग्राफीनंतर) ‘दुहेरी महाधमनी कमान’ असल्याचा संशय सांगितला आहे. म्हणजे काय?
— एक आजी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आजी, गर्भात महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, दोन कमानी असतात, उजवीचा मागचा भाग विरून डावी उरते. इथे दोन्ही राहिल्या, त्यांचं कडं श्वासनलिका आणि अन्ननलिकेला आवळतं. म्हणून दम्याच्या औषधांनी फरक पडला नाही. मऊ भात सुरू केलात की घास अडकणं जास्त जाणवेल. तूर्त पातळच द्या.

इकोत कडं निसटू शकतं, कारण कड्याचा एखादा तुकडा बंद पडलेला असला तर त्यातून रक्त वाहत नाही आणि तो दिसत नाही. सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचं सीटी स्कॅन) करून घ्याच. कोणती कमान लहान हे तिथेच कळतं. शस्त्रक्रियेत लहान कमान, बहुधा डावी, कापतात, सोबतचा अस्थिबंधही (गर्भातल्या, जन्मानंतर बंद झालेल्या रक्तवाहिनीचा दोरीसारखा अवशेष). हे फासळ्यांमधून होतं, हृदय थांबवावं लागत नाही.

शस्त्रक्रियेनंतरही घरघर काही महिने राहते, कारण दाबलेली श्वासनलिका मऊ पडलेली असते. त्याला घाबरू नका. मात्र ओठ निळे पडले किंवा श्वास थांबला तर तडक इस्पितळ गाठा.