टेक्सासमध्ये नववीला बँड, ऑर्केस्ट्रा की क्वायर?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: गेल्या उन्हाळ्यात नाशिकहून डॅलसजवळ आलात, लेक आठवीत आहे, गांधर्व महाविद्यालयाच्या प्रवेशिका पूर्णपर्यंत गायनाच्या परीक्षा दिल्या आहेत, पेटीही बऱ्यापैकी वाजवते. शाळेकडून नववीच्या विषयांचा फॉर्म आलाय आणि त्यात ललित कलांच्या रकान्यात बँड, ऑर्केस्ट्रा, क्वायर (म्हणजे समूहगायन), थिएटर, डान्स अशी जंत्री आहे. यजमानांचं म्हणणं, एखादा सोपा विषय घेऊन हे एकदाचं उरकावं आणि मोकळा तास कॉम्प्युटरला द्यावा.

माझी दोन्ही मुलं याच भागातल्या सरकारी हायस्कूलमधून शिकून बाहेर पडली, थोरला बँडमधून आणि धाकटी क्वायरमधून. बूस्टर क्लबात, म्हणजे या उपक्रमांना मदत करणाऱ्या पालकांच्या मंडळात, मीही बरीच वर्षं राबले. माझं स्पष्ट मत: क्वायर घ्या, आणि नववीतच घ्या.

नववीतच का, ते आधी सांगते. आपल्याकडे शाळेतलं संगीत म्हणजे बहुतेक ठिकाणी आठवड्याचा एखादा तास, स्वागतगीत, गॅदरिंग आणि सव्वीस जानेवारी. इथे तो वेळापत्रकातला पूर्ण विषय आहे. गणिताएवढाच लांब तास, हजेरी, ग्रेड, आणि शिकवायला संगीतशिक्षणाची पदवी घेतलेली व्यक्ती. जाहीर कार्यक्रमाला उभं राहणं हासुद्धा ग्रेडचा भाग. नववीत आलेली मुलं चार वर्षं त्याच खोलीत, त्याच डायरेक्टरकडे, म्हणजे गट बसवणाऱ्या शिक्षकाकडे, वाढतात, ऑडिशन देत देत खालच्या गटातून वरच्या गटात जातात. अकरावीत मध्येच शिरणाऱ्यालाही घेतात, पण तोवर बाकीच्यांना एकमेकांचा श्वास कळायला लागलेला असतो. शिवाय नवीन देशात, दोन-तीन हजार मुलांच्या शाळेत, पहिल्या आठवड्यात डबा खायला सोबत कोण हा प्रश्न फार मोठा असतो. क्वायरच्या मुलांपुढे तो उभाच राहत नाही.

बँड म्हणजे फुंकवाद्यं आणि तालवाद्यं: फ्लूट, क्लॅरिनेट, ओबो, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, ट्यूबा, ड्रम, मरिंबा (काठ्यांनी वाजवायच्या लाकडी पट्ट्यांचं सुरेल वाद्य). ऑर्केस्ट्रा म्हणजे व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बेस. सिंफनी बसवायची असली की बँडमधली निवडक मुलं तिकडे बोलावतात. दोन्हीकडची मुलं साधारण सहावीत वाद्य हातात धरतात आणि नववीत येईपर्यंत तीन वर्षं जवळजवळ रोज वाजवत असतात. हायस्कूलमध्ये अगदी नवशिक्यांचा वर्ग फार थोड्या ठिकाणी असतो. पेटीला यात जागा नाही. पियानोलासुद्धा जॅझ बँडमधली एक खुर्ची आणि क्वायरची साथ, एवढंच काम. तबला शिकलेल्या मुलांचे पालकही हेच विचारतात, त्यांच्यासाठी: हात तयार असतो हे खरं, पण तालवाद्यांच्या मुलाला काठ्यांचे ४० पायाभूत बोल, ज्यांना रूडिमेंट्स म्हणतात, ते तर घोटावे लागतातच, वर मरिंबा आणि टिंपनी या सुरात लावलेल्या मोठ्या नगाऱ्यांसाठी सुरांचं लेखन वाचता यावं लागतं. वाचनाची तयारी केल्याशिवाय तिकडे पाठवू नका.

तुमच्या लेकीला पट्ट्या कळतात म्हणून एक सांगते, बँडच्या कार्यक्रमाला गेलात तर तिला ऐकायला मजा येईल. क्लॅरिनेटवाला कागदावरचा ‘सी’ वाजवतो तेव्हा पेटीवरची काळी पाच ऐकू येते. आल्टो सॅक्सोफोनचा ‘सी’ म्हणजे काळी दोन, हॉर्नचा पांढरी चार. त्यामुळे डायरेक्टरने सगळ्यांना मिळून एकच सूर लावायला सांगितला की प्रत्येक वाद्यवाला आपल्या कागदावर वेगळंच अक्षर वाचत असतो, आणि खोलीत सूर एक निघतो.

टेक्सासमध्ये राहून मार्चिंग बँडबद्दल बोलायचं नाही असं होऊच शकत नाही. शाळा सुरू होण्याआधी, ऐन उन्हाळ्यात, पार्किंगच्या तापलेल्या डांबरावर ही मुलं चालायला शिकतात. पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे पाऊल बरोबर साडेबावीस इंचांचं, आणि तेही वाद्य तोंडाला लावून, कमरेखालचं अंग एका दिशेला आणि छाती प्रेक्षकांकडे. प्रत्येकाला मैदानावरची आपली जागा आकड्यांत दिलेली असते: अमुक यार्डाच्या रेषेपासून इतकी पावलं, पुढच्या कडेपासून इतकी. एका रचनेतून दुसरीत जायला सोळा मात्रा असतील तर सोळाव्या मात्रेला तिथे पाय पडलाच पाहिजे. मी स्टँडमध्ये वर बसून पाहायचे तेव्हा शेदीडशे मुलांचं वर्तुळ फिरत फिरत रेषेत उलगडायचं आणि थोरला त्यातला नेमका कुठला ते ओळखूच यायचा नाही. शुक्रवारी रात्री फुटबॉलच्या मध्यंतरात हा कार्यक्रम होतो, शनिवारी स्पर्धा असतात आणि नोव्हेंबरात राज्याची अंतिम फेरी सॅन अँटोनियोच्या अलामोडोममध्ये. वेळ खातं का? खातं. पण राज्याचा नियम आहे की शाळेच्या आठवड्यात शाळेच्या वेळेबाहेर एका उपक्रमाची तालीम आठ तासांच्या वर घेता येत नाही. आणि वाद्य न येणाऱ्या मुलीलाही इथे एक दार उघडं असतं: कलर गार्ड, म्हणजे झेंडे घेऊन नाचणारा चमू. तिथे नवशिक्यांना घेतात. लेकीला नृत्याची ओढ असेल तर तेवढं चौकशीत ठेवा.

आता क्वायर. गळा तिने आधीच तयार केलाय, ही पहिली जमेची बाजू. दुसरी अशी की इथल्या बहुतेक क्वायर वर्गांत ‘डो’ चल असतो. पट्टी कुठलीही घ्या, आधारसूर तो डो. आपला षड्ज तसाच. त्यामुळे डो-रे-मी, म्हणजे इकडचं सा-रे-ग, तिला आठवड्याभरात येईल, सोबतच्या हाताच्या खुणांसकट. या खुणा एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन यांनी रूढ केल्या आणि आजही वर्गात रोज वापरतात. फक्त मायनर (कोमल गांधाराचं) सप्तक आलं की बरेच शिक्षक आधार ‘ला’वर धरतात, तिथे तिचा सा काही दिवस हलेल. हलू द्या, बसेल.

तिसरी बाजू मला सर्वांत मोलाची वाटते. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप ऐकू येतो, तो तिने ऐकला असणार. पियानोवरचा गांधार त्याहून जरा चढा असतो. साथीशिवाय गाणारा चांगला क्वायर स्वर जुळवतो तेव्हा गांधार थोडा खाली, त्या तंबोऱ्यातल्या जागेकडे नेतो, आणि डायरेक्टर मुलांना हे शिकवायला वर्षं घालवतात. तुमची लेक ते कानात घेऊन येतेय.

अवघड जाणार आहे ते वेगळंच. आपल्या शिक्षणात मूल एकटं गातं, फार तर गुरूच्या मागे. इथे तिच्या डाव्या कानात सोप्रानो (मुलींचे उंच आवाज) वेगळा सूर गात असतील, उजव्या कानात टेनर (मुलांचे उंच आवाज) तिसराच, आणि तिने मधला आल्टो, म्हणजे मुलींचा खालचा आवाज, धरून ठेवायचा. आपल्या मुली सुरुवातीला हमखास मुख्य चालीकडे ओढल्या जातात, कारण कानाला तीच गोड लागते. दुसरं, मींड आणि खटके सोडावे लागतात. एका सुरावरून दुसऱ्यावर सरळ जायचं, सूर न हलवता धरायचा, आणि ‘आ’ आणि ‘ओ’ तीस जणांचे एकाच तोंडातून निघाल्यासारखे लागले पाहिजेत. घरी काही लोक म्हणतात याने गळ्याचं वळण बिघडेल. माझ्या धाकटीचं नाही बिघडलं. ती रविवारी ऑनलाइन आपल्या बाईंकडे यमन गायची आणि सोमवारी वर्गात लॅटिन मोटेट, म्हणजे अनेक आवाजांत गायची धार्मिक रचना. बाईंनी तिला एवढंच सांगितलं होतं की दोन्हीकडे श्वास पोटातून घे आणि इकडचं वळण तिकडे नेऊ नकोस.

वसंतात यूआयएलची स्पर्धा असते. युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग ही टेक्सास विद्यापीठाच्या छत्राखालची १९१० पासूनची संस्था, खेळांपासून वादविवादापर्यंत सरकारी शाळांच्या बहुतेक आंतरशालेय स्पर्धा तिच्याकडे. क्वायर आधी मंचावर बसवलेल्या रचना गातो. मग दुसऱ्या खोलीत नेतात, पूर्वी कधी न पाहिलेली रचना हातात देतात, डायरेक्टरला समजावून सांगायला मोजकी मिनिटं मिळतात, पियानोवर फक्त आधार मिळतो आणि लगेच गायचं. दोन्हीकडे स्वतंत्र परीक्षक, श्रेणी एक ते पाच, एक सर्वांत वरची. दोन्हीकडे एक मिळाली तर त्याला स्वीपस्टेक्स म्हणतात आणि ती ढाल वर्गाच्या भिंतीवर लागते. त्या दुसऱ्या खोलीसाठी वर्षभर रोज तासाच्या सुरुवातीला दहा मिनिटं वाचन घेतात. चार वर्षांनी मूल अनोळखी कागद उचलून सरळ गातं. आपल्याकडे उत्तम गाणाऱ्या कितीतरी मुलांना लिखित स्वर पाहून गाता येत नाही. ते तिला इथे फुकट मिळतंय.

पुढे हौस वाढली तर ऑल-स्टेट, म्हणजे राज्यभरातून निवडलेल्या मुलांचा गट, आहे. विभागापासून एकेक पायरी चढत जायचं, परीक्षक पडद्याआड, नाव-चेहरा काही कळत नाही. निवड झालेली मुलं फेब्रुवारीत सॅन अँटोनियोला राज्यभरातल्या संगीतशिक्षकांच्या अधिवेशनात गातात.

‘चर्चची गाणी म्हणायला लावतात का?’ हे पुढे कोणीतरी तुम्हाला विचारेलच. पाश्चात्त्य समूहगायनाचा मोठा भाग चर्चमध्ये जन्मला, त्यामुळे लॅटिन प्रार्थना असतात, स्पिरिच्युअल्स, म्हणजे आफ्रिकन-अमेरिकनांची भक्तिगीतं, असतात, हिब्रू गाणीही असतात. सरकारी शाळेत ती संगीत म्हणून शिकवतात. कृष्णाच्या बंदिशी मोठमोठ्या उस्तादांनी जीव ओतून गायल्या, त्या ऐकत आपण वाढलो. मला यात कधी काही खटकलं नाही. तुम्हाला एखाद्या गाण्याबद्दल वाटलंच तर डायरेक्टरशी मोकळेपणी बोलता येतं.

थिएटरबद्दल थोडक्यात. नवशिक्यांना घेतात, आणि अभिनय नको असेल तर प्रकाश, ध्वनी, नेपथ्य, वेशभूषा यांचे स्वतंत्र वर्ग बऱ्याच शाळांत असतात. यूआयएलची एकांकिका स्पर्धा पुरुषोत्तम करंडक पाहिलेल्या माणसाने जरूर पाहावी: प्रयोग १८ ते ४० मिनिटांत बसला पाहिजे, चाळिसाच्या पुढे गेला की बाद. क्वायर घेऊनही वसंतातल्या म्युझिकलसाठी, म्हणजे संगीत नाटकासाठी, तिला ऑडिशन देता येते.

आता यजमानांसाठी. राज्याच्या पदवी-आराखड्यात ललित कलांचं एक क्रेडिट सक्तीचं आहे, म्हणजे एक वर्ष लागणारच. एंडॉर्समेंटसह, म्हणजे एखादी खास अभ्यासशाखा निवडून, २६ क्रेडिट्स लागतात, त्यात चार वर्षं क्वायर ठेवूनही कॉम्प्युटर सायन्स नीट बसतं. मी स्वतः धाकटीचा तक्ता मांडून पाहिला होता. खरी अडचण वर्गातल्या क्रमांकाची आहे. सरकारी विद्यापीठांत वर्गातल्या पहिल्या दहा टक्क्यांना प्रवेश देणारा १९९७ चा कायदा आहे, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठासाठी मर्यादा त्याहून कडक. एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायच्या कॉलेजच्या दर्जाच्या विषयांना, गुणांचं वजन जास्त मिळतं आणि क्वायरला बहुधा साधं, त्यामुळे क्वायरमध्ये पूर्ण गुण मिळूनही सरासरी किंचित खाली येऊ शकते. काही शालेय जिल्हे (आपापल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्था) ललित कला क्रमांकात धरतच नाहीत, काही वरच्या गटाला ऑनर्सचं, म्हणजे जास्तीचं, वजन देतात. समुपदेशकाला हे दोन प्रश्न ईमेलवर विचारा आणि उत्तर लेखी घ्या. अकरावीत एपी म्युझिक थिअरी घेता येते, तिचं वजन पूर्ण असतं आणि परीक्षेत कागद पाहून गाण्याचा भागही आहे. शिवाय १९८४ पासून इथे नियम आहे की काही वरच्या दर्जाचे विषय सोडले तर कुठल्याही विषयात ७० च्या खाली गेलं की स्पर्धेला उभं राहता येत नाही. त्या धाकाने धाकटी आपण होऊन रसायनशास्त्राचा अभ्यास करायची.

खर्च क्वायरचा बँडपेक्षा बराच कमी: ड्रेस, कधी सहल. जड वाटला तर डायरेक्टरला सांगा. फी माफीची सोय शालेय जिल्ह्याला कायद्यानेच ठेवावी लागते, आणि आमच्या क्लबात कोणाची फी कोणी भरली हे मुलांच्या कानावर कधी जात नसे.

फॉर्मची मुदत संपायच्या आत हायस्कूलच्या क्वायर डायरेक्टरला दोन ओळींची ईमेल करा: नवीन आलोय, मुलगी इतकी वर्षं हिंदुस्थानी गायन शिकली आहे, पाश्चात्त्य लेखन वाचता येत नाही. हे शेवटचं लपवू नका, ते कळलं की ते तिला योग्य गटात बसवतील. ऑडिशनमध्ये साधारणपणे पियानोबरोबर सप्तक वर-खाली गायला लावतात, आवाज कुठवर जातो ते पाहतात, चार-पाच सुरांचा तुकडा वाजवून जसाच्या तसा परत मागतात. हे शेवटचं तिला अजिबात जड जाणार नाही. आवडीचं काही गा म्हणाले तर भुपातली छोटी बंदिश, पेटीशिवाय, दीड मिनिटात, तानांविना. आणि आल्टोमध्ये बसवलं तर आनंदाने बसू दे. मुख्य चाल हाताशी नसली की वाचन लवकर येतं.