पोलो ग्राउंड्सवरचे २५८ फुटांचे होमरन खरे मानायचे का?

न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स या जुन्या बेसबॉल मैदानावर उजवीकडची भिंत जेमतेम २५८ फुटांवर होती, मग तिथल्या होमरनना (भिंतीपलीकडे मारलेला फटका, आपला षटकारच म्हणा) किती किंमत द्यायची आणि आता तिथे बघण्यासारखं काही उरलंय का, असं तुम्ही विचारलंय. किंमत पूर्ण द्यायची. मी डावखुरा आहे, आणि डावखुऱ्याने ओढून मारलेला बॉल उजवीकडेच जातो, तेव्हा या विषयात माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका.

आधी मापं पूर्ण सांगू. उजवीकडे रेषेवर २५८ फूट आणि डावीकडे २७९, हे सगळे सांगतात. सेंटर फील्ड, म्हणजे बॅटरच्या अगदी समोरची बाजू, ४८३ फूट होतं, हे आपणहून कोणी बोलत नाही. म्हणजे १४७ मीटर! कूगन्स ब्लफचा कडा आणि हार्लेम नदी यांच्यामधल्या सखल जागेत घोड्याच्या नालेसारखं लांबुळकं मैदान. खेळाडूंच्या खोल्याही त्या सेंटर फील्डच्या टोकाला, त्यामुळे सामन्यातून काढलेल्या पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, मान खाली घालून जायचं तर अख्खं मैदान तुडवत जायचं. आउटफील्ड इतकं उतरतं होतं की डगआउटमधून, म्हणजे संघ बसतो त्या खोलगट जागेतून, बघणाऱ्या मॅनेजरला आपले फील्डर कमरेपासून वरच दिसायचे. डावीकडे वरचा मजला खालच्या मजल्याच्या वीसेक फूट पुढे आलेला. फील्डर भिंतीला पाठ टेकवून कॅचसाठी हात पसरून उभा, आणि बॉल त्याच्या डोक्यावरच्या गॅलरीत. त्यात पहिल्या महायुद्धात मारला गेलेला खेळाडू एडी ग्रँट याचं दगडी स्मारक सेंटर फील्डमध्ये, चालू खेळाच्या हद्दीत. आणि नावात पोलो असलं तरी या जागेवर पोलो कधी खेळलेच नाहीत.

आता माझं दुखणं. साताऱ्यात आमच्या कॉलनीच्या मैदानाला एका बाजूला पाण्याची टाकी होती आणि तिची भिंत जवळ होती. उजव्या हाताने खेळणाऱ्यांची लेग साइड मोकळी, डावखुऱ्यांची ती टाकीकडची. समोरच्या टीमच्या कॅप्टनने टुर्नामेंटच्या आधी नियम काढला: टाकीकडे डायरेक्ट भिंतीपलीकडे गेला की आउट. कारण काय, तर 'तिकडे कोणीही मारेल'. अहो, कोणीही मारेल तर मारू दे ना! कॉलनीत डावखुरा मी एकटाच. फायनलला मी पुल मारला, बॉल टाकीवरून थेट मागच्या रस्त्यावर, आणि मी आउट. पुढे त्याच गृहस्थांशी माझ्या बहिणीचं लग्न झालं. आता ते माझे दाजी आहेत, त्यामुळे भांडण चालू आहे पण अहो-जाहो करून.

दाजी न्यू जर्सीला आमच्याकडे आले तेव्हा त्यांना मुद्दाम ती जागा दाखवायला नेलं. मैदान १९६४ मध्ये पाडलं, तिथे आता तीस-तीस मजल्यांचे चार टॉवर आहेत. कड्यावरून खाली उतरणारा, इथल्या जायंट्स संघाचे मालक जॉन ब्रश यांच्या नावाचा जिना तेवढा उरलाय. तो १९१३ चा, २०१४ मध्ये दुरुस्त केलेला. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर जायंट्स संघाने हा जिना भेट दिल्याची अक्षरं कोरलेली आहेत. दाजींनी ती बुटाने घासून वाचली, मी २५८ चा आकडा सांगितला आणि ते लगेच म्हणाले, "मग ही पण आपली टाकीच की!"

मी तिथेच हिशोब मांडला. २५८ फूट म्हणजे ८६ यार्ड. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये बाउंड्री पिचच्या मध्यापासून जास्तीत जास्त ९० यार्ड आणि कमीत कमी ६५ यार्ड असते. म्हणजे ज्याला तुम्ही आखूड म्हणून हिणवता, ते अंतर आपल्याकडे जवळजवळ कमाल मर्यादेला जाऊन भिडतं. दाजी यावर "बॅट वेगळी असते" एवढंच बोलले.

आणि आखूड भिंत दोन्ही संघांना आखूडच असते. मेल ऑट हा डावखुरा २२ मोसम जायंट्सकडून खेळला, ५११ होमरन मारले, त्यातले ३२३ या मैदानावर. लोक म्हणतात, भिंतीने मारले. पण पाहुण्या संघातही डावखुरे यायचेच, त्यांना कोणी अडवलं होतं? उजवा पाय उचलून बॉल बरोबर रेषेलगत ओढायची सवय ऑटने लावून घेतली, त्यांनी लावली नाही.

१९५४ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मोसमाच्या अंतिम लढतीचा, पहिला सामना घ्या. आठव्या इनिंगला २-२ असताना क्लीव्हलंडच्या व्हिक वर्ट्झने सव्वाचारशे फुटांच्या आसपास फटका मारला. दुसऱ्या बऱ्याच मैदानांत तो होमरनच. इथे जायंट्सच्या विली मेजने होम प्लेटकडे (बॅटर उभा राहतो ती जागा) पाठ करून धावत तो खांद्यावरून पकडला. दहाव्या इनिंगला जायंट्सच्या डस्टी ऱ्होड्सने उजव्या कोपऱ्यात, अंतर जेमतेम २६० फूट, होमरन मारला आणि सामना ५-२ खिशात. वर्ट्झ आणि ऱ्होड्स दोघेही डावखुरे. वर्ट्झवर अन्याय झाला का? झाला. पण नियम मधेच बदलून कोणी ऱ्होड्सला आउट दिलं नाही, हा फरक दाजींना अजून पटत नाही.

सेंटरच्या बाजूला बॉल प्रेक्षकांत टाकणं तर भल्याभल्यांना जमलं नाही. १९२३ मध्ये स्टँड वाढवल्यानंतर मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च पातळीवरच्या, सामन्यांत ते तिघांनीच केलं: जो ॲडकॉक १९५३ मध्ये, आणि जून १९६२ मध्ये लागोपाठच्या दोन दिवशी लू ब्रॉक आणि हँक ॲरन.

हां, एक मान्य करतो. १९५१ चा जायंट्सच्या बॉबी थॉमसनचा प्रसिद्ध होमरन तुमच्या डोक्यात असेल, तर त्या मोसमात जायंट्सवाले सेंटर फील्डच्या खोलीतून दुर्बीण लावून समोरच्या कॅचरच्या खुणा (कोणता बॉल टाकायचा याचे पिचरला केलेले इशारे) चोरायचे, हे २००१ मध्ये छापून आलं. त्या बॉलची खूण थॉमसनला मिळाली होती का यावर लोक अजून भांडतात. पण तो दोष दुर्बिणीचा, २७९ फुटांचा नाही.

जायचं असेल तर बी किंवा डी ट्रेनने १५५व्या स्ट्रीटला उतरा. टॉवरच्या आवारात होम प्लेटच्या अंदाजे जागेची पाटी आहे. तिथून ४८३ फूट सरळ चालून बघायची इच्छा होईल, पण मधे इमारती येतात.