जीवाश्म नसलेल्या अतिप्राचीन खडकांचा इतिहास नकाशावरून कसा उलगडतो?

ज्या खडकांत जीवाश्म नाहीत आणि जे पुन्हा पुन्हा तापून मुडपले गेले आहेत, त्यांच्यातील घटनांचा क्रम नकाशा काढून कसा ठरवतात आणि किरणोत्सर्गी कालमापन (किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या क्षयावरून खडकाचे वय काढणे) हाताशी असताना नकाशा हवाच कशाला, असे आपण विचारले आहे.

क्रम ठरतो तो मुख्यतः छेदसंबंधांवरून: जो खडक दुसऱ्याला छेदून जातो, तो त्याच्यापेक्षा तरुण. ‘खालचा थर जुना’ या नियमावर येथे विसंबता येत नाही. भूवैज्ञानिक पीच आणि हॉर्न यांनी १९०७ मध्ये वर्णिलेल्या स्कॉटलंडच्या मॉइन थ्रस्टवर, म्हणजे खडक एकमेकांवर ढकलले गेलेल्या भेगेवर, जुने खडकच तरुण थरांवर सरकून बसले आहेत.

त्याच वायव्य स्कॉटलंडमधला ल्युइसियन नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक) हे माझ्या मते छेदसंबंधांचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. स्कौरी गावाजवळ काळ्या डाइक, म्हणजे भेगांत शिरून थिजलेल्या शिलारसाच्या भिंती, नाइसचे पट्टे तिरकस कापत सरळ जातात. त्याच डाइक नकाशावर उत्तरेकडे लॅक्सफर्डच्या दिशेने पाहत गेल्यास वाकू लागतात, पातळ होतात, पट्ट्यांना समांतर होतात आणि त्यांतील पायरॉक्सीन या खनिजाची जागा अँफिबोल हे खनिज घेते. म्हणजे एक रूपांतरण (उष्णता व दाबाने खडक बदलणे) डाइक येण्यापूर्वीचे, तर दुसरे नंतरचे. भूवैज्ञानिक सटन आणि वॉटसन यांनी १९५१ मध्ये हाच धागा पकडून स्कौरियन (डाइकपूर्वीचा) आणि लॅक्सफर्डियन (डाइकनंतरचा) हे दोन टप्पे वेगळे केले, तेही एकाही खडकाचे वय हाती नसताना. पुढे कालमापनाने बहुतेक डाइक सुमारे २४० कोटी, तर लॅक्सफर्डियन घडामोडी साधारण १९० ते १६५ कोटी वर्षांपूर्वीच्या असल्याचे दाखवले.

कालमापनाची अडचण अशी की झिरकॉन या वय मोजायला वापरल्या जाणाऱ्या टिकाऊ खनिजाच्या एकाच कणात गाभा एका वयाचा आणि कड दुसऱ्या वयाची निघू शकते. कडेचे वय नेमके कोणत्या घटनेचे, हे तो नमुना घडीच्या कोणत्या भागातून, डाइकच्या आत की बाहेर घेतला, यावरूनच कळते, आणि ती माहिती (कंटाळवाणी वाटली तरी) नकाशातच असते.

अर्थात, कालमापनानेही नकाशाला नवे प्रश्न घातले आहेत. नाइसच्या वेगवेगळ्या पट्ट्यांतील झिरकॉनची वये जुळत नसल्याने, हा सलग भूखंड नसून नंतर जोडले गेलेले अनेक तुकडे असावेत, असे काही अभ्यासक मानतात. तुकडे केव्हा जोडले गेले, हे ठरवायला सीमेवरचे विरूपण पट्टे (खडक दाबून-ताणून विकृत झालेले पट्टे) आणि ते ओलांडून जाणाऱ्या डाइक पुन्हा बारकाईने नकाशावर मांडाव्या लागतात.