'विद्युतचुंबकीय' : जोडून की तोडून?

प्रश्न असा आला आहे : विद्युत क्षेत्र, चुंबकीय क्षेत्र आणि विद्युतचुंबकीय क्षेत्र ही तीन वेगवेगळी क्षेत्रं का? आणि तिसरा शब्द जोडून लिहावा की मध्ये रेघ देऊन, 'विद्युत-चुंबकीय' असा?

मी जोडूनच लिहितो. मध्ये रेघ दिसली की वाचणारा 'आईवडील', 'बहीणभाऊ' यांच्यासारखा इतरेतर द्वंद्व धरतो आणि 'आणि' घालून समास सोडवून मोकळा होतो. भौतिकीत या दोघांचं नातं त्याहून पुष्कळ घट्ट आहे.

एक इलेक्ट्रॉन घ्या. तुमच्या दृष्टीने तो स्थिर असेल, तर त्याच्या प्रभारामुळे (म्हणजे 'चार्ज'मुळे) तुम्हाला फक्त विद्युत क्षेत्र सापडेल. (इलेक्ट्रॉनला उपजत चुंबकत्वही असतं, ते इथे बाजूला ठेवू.) तोच इलेक्ट्रॉन समोरून एकसारख्या वेगाने गेला, तर विद्युत क्षेत्राच्या जोडीला चुंबकीय क्षेत्रही मोजता येईल. आता त्याच्या बरोबरीने, त्याच वेगाने जाणारा दुसरा निरीक्षक कल्पा. त्याच्या लेखी इलेक्ट्रॉन जागचा हललेलाच नाही, तेव्हा त्याला चुंबकीय क्षेत्र सापडणार नाही. प्रभार एकच, दोघांची मोजणी बिनचूक, तरी उत्तरं वेगळी! आइन्स्टाइन यांच्या १९०५च्या सापेक्षतेवरच्या निबंधाची सुरुवातही अशाच एका कोड्याने होते : चुंबक हलवला काय किंवा तारेचं वेटोळं हलवलं काय, प्रवाह तोच मिळतो, मग त्याची स्पष्टीकरणं दोन कशी?

यावरून 'चुंबकीय क्षेत्र हा नुसता भास' असंही काही जण लिहितात. ते चूक आहे. प्रवाह वाहणाऱ्या तांब्याच्या तारेत सरकणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा ऋण प्रभार आणि जागच्या जागी असलेल्या आयनांचा (इलेक्ट्रॉन सुटून गेलेल्या अणूंचा) धन प्रभार एकमेकांना तोलून धरतात. त्यामुळे तारेबाहेर विद्युत क्षेत्र जवळजवळ उरत नाही. चुंबकीय क्षेत्र मात्र असतं. १८२०मध्ये डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ ओर्स्टेड यांच्या होकायंत्राची सुई त्यानेच वळवली. निरीक्षकाने कोणताही वेग घेतला, तरी तारेभोवतीचं हे क्षेत्र पुरतं नाहीसं होत नाही.

म्हणजे क्षेत्र एकच. विद्युत आणि चुंबकीय ही त्याची दोन अंगं, आणि कोणतं अंग किती दिसेल हे पाहणाऱ्याच्या गतीवरही ठरतं. अशा वस्तूला एकसंध शब्दच शोभतो. काटेकोर संधी केला तर 'विद्युल्लता'सारखं 'विद्युच्चुंबकीय' हे रूप मिळेल. मला ते फार आवडतं, पण रूढ झालेलं 'विद्युतचुंबकीय' बदलण्याचा आग्रह मी धरणार नाही.

'क्षेत्र' या शब्दाबद्दलही थोडं. शेत, क्षेत्रफळ, तीर्थक्षेत्र यांमुळे त्याला हद्द असल्यासारखी वाटते. एकट्या प्रभाराच्या क्षेत्राला कुठेच कुंपण नसतं. अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाई होते, तिप्पट झालं की नवव्या हिश्शावर येते, पण संपत नाही. म्हणून 'कण क्षेत्राबाहेर गेला' असं लिहिण्यापेक्षा 'तिथे क्षेत्र क्षीण आहे' असं लिहिणं बरं. बातम्यांमधलं 'विद्युत क्षेत्रातील सुधारणा' हे आणखी निराळं, ते वीजनिर्मिती आणि वितरणाच्या व्यवसायाबद्दल असतं. तिथे 'वीजक्षेत्र' लिहिलं की गोंधळ टळतो.