गुडघे, मुले आणि चार दिवसांचे लंडन

प्रश्न : येत्या मे महिन्यात मी, माझी पत्नी, तेरा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी आणि बहात्तर वर्षांची माझी आई असे आम्ही पाच जण चार रात्री लंडनमध्ये राहण्याचा विचार करीत आहोत. आईला गुडघेदुखी असल्यामुळे जिने जमत नाहीत आणि ती शाकाहारी आहे. पाहण्याच्या स्थळांची यादी तेवीसवर गेली आहे. जवळपास तेवढ्याच खर्चात एक प्रवासी कंपनी दहा दिवसांत सात देश दाखवते, तेव्हा एकाच शहरावर एवढा पैसा का घालवायचा, असे नातेवाईक विचारतात. काय करावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नातेवाइकांच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या पत्रातच आहे. ज्यांना जिने जमत नाहीत त्यांनी दहा दिवस रोज सकाळी बॅगा आवरून बसमध्ये चढावे आणि रोज रात्री नव्या हॉटेलात उतरावे, हा प्रवास त्यांच्यासाठी नव्हे. शिवाय त्या सात देशांत ब्रिटन असेल तर शेंगेन (युरोपातील अनेक देशांचा मिळून एकच) आणि ब्रिटन असे दोन वेगळे व्हिसा लागतात, कारण शेंगेनचा व्हिसा लंडनला चालत नाही. एकच शहर घ्या आणि एकाच खोलीत बॅगा उघड्या टाकून चार रात्री राहा.

तेवीसची यादी मात्र कापावी लागेल. कापताना कोणते स्थळ अधिक प्रसिद्ध, याचा विचार करू नका. कोणते स्थळ कोणाच्या शेजारी आहे, ते नकाशावर पाहा. एका दिवसाला एक परिसर, त्यात एक मोठे स्थळ आणि त्याच्या आसपासचे जे सहज होईल ते, एवढाच हिशेब ठेवलात तर आईंचे गुडघे आणि मुलीचा उत्साह दोन्ही संध्याकाळपर्यंत टिकतील. लंडनमध्ये अंतरे फसवी असतात. भुयारी रेल्वेच्या रंगीत नकाशावर बोटभर दिसणारा प्रवास पायऱ्या, बोगदे आणि गाडी बदलणे धरून पाऊण तासाचा होतो.

ही भुयारी रेल्वे १८६३ साली सुरू झाली आणि तिचे वय आईंना लगेच जाणवेल, कारण अनेक जुन्या स्थानकांत आजही लिफ्ट नाही. म्हणून आपल्या कुटुंबाने बसला पहिला मान द्यावा. लंडनच्या बसचा तळ रस्त्यालगत असतो, चढायला पायरी नसते आणि दाराशीच वयस्करांच्या जागा असतात. मुलांना वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या काचेशी बसवा. त्यांच्यासाठी तीच सहल. ट्रफाल्गर चौकातून निघणारी १५ क्रमांकाची बस सेंट पॉल्स कॅथीड्रलवरून टॉवर ऑफ लंडनकडे जाते. पर्यटकांसाठीच्या उघड्या टपाच्या बसचे तिकीट काढण्याची गरज मला तरी वाटत नाही. हीथ्रो विमानतळाहून शहरात येण्यासाठी २०२२ साली सुरू झालेली एलिझाबेथ लाइन निवडा. पिकॅडिली लाइन स्वस्त आहे खरी, पण एलिझाबेथ लाइनच्या शहरातील स्थानकांवर रस्त्यापासून डब्यापर्यंत पायरी न चढता जाता येते आणि बॅगांसह हा फरक मोठा असतो.

तिकिटांसाठी रांग लावू नये. संपर्काविना चालणारे बँकेचे कार्ड दारावरच्या पिवळ्या यंत्राला टेकवायचे. रेल्वेत आत शिरताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा, बसमध्ये मात्र फक्त चढताना. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेत नाहीत. दिवसभरात ठरावीक रकमेपेक्षा जास्त भाडे कापले जात नाही, परंतु त्यासाठी प्रत्येक मोठ्या माणसाचे कार्ड वेगळे हवे आणि दिवसभर तेच वापरले पाहिजे. आपल्या मुलीला मोठ्यांसोबत भुयारी रेल्वेत भाडे नाही, बसमध्येही नाही. तेरा वर्षांच्या मुलासाठी ऑयस्टर कार्ड (आधी पैसे भरून वापरायचे लंडनचे प्रवासकार्ड) घ्या आणि स्थानकावरील कर्मचाऱ्याला त्यावर ‘यंग व्हिजिटर’ सवलत लावायला सांगा; अकरा ते पंधरा वर्षांच्या पाहुण्यांना चौदा दिवसांपर्यंत निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. ही सवलत मागितल्याशिवाय मिळत नाही.

आता दिवसांची आखणी पाहू. मे महिन्यात लंडनचे घड्याळ आपल्या मागे साडेचार तास असते, त्यामुळे पहिले दोन दिवस आपण सारे पहाटेच जागे व्हाल. त्याबद्दल कुरकुर करण्याऐवजी त्याचा उपयोग करून घ्या आणि सर्वांत गर्दीचे स्थळ, म्हणजे टॉवर ऑफ लंडन, पहिल्याच पूर्ण दिवशी सकाळी दार उघडताच गाठा. विल्यम द कॉन्कररने अकराव्या शतकात बांधायला घेतलेल्या या किल्ल्याचे तिकीट महाग आहे, परंतु यादीतले एकच तिकीट काढायचे असेल तर हेच काढा. आत गेल्यावर थेट राजमुकुटांच्या दालनाकडे जा, कारण अकरानंतर तेथे लांब रांग लागते. कोहिनूर तेथेच आहे, १९३७ साली राजमाता एलिझाबेथ यांच्यासाठी घडवलेल्या मुकुटात. मुकुटांपुढून सरकत्या पट्ट्यावर उभे राहून जायचे असते, त्यामुळे आईंनाही त्रास नाही. मधल्या पांढऱ्या बुरुजाचे अरुंद गोल जिने मात्र त्यांनी टाळावेत. तेवढा वेळ त्या हिरवळीलगत बाकावर बसून तेथले पाळीव डोमकावळे पाहतील. हे कावळे किल्ला सोडून गेले तर राज्य बुडेल अशी समजूत असल्यामुळे किमान सहा कावळे कायम सांभाळले जातात, हे मुलीला आधीच सांगून ठेवा.

किल्ल्याशेजारच्या धक्क्यावरून त्याच दुपारी बोटीने ग्रिनिचला जावे. बोटीलाही तेच कार्ड चालते आणि थेम्सवरून शहर पाहण्यासाठी वेगळी सफर घ्यावी लागत नाही. १६७५ साली स्थापन झालेली वेधशाळा चढावर आहे, म्हणून आईंना पायथ्याच्या सागरी संग्रहालयात बसवावे. तेथे प्रवेश विनामूल्य आहे. मुलाला मात्र शून्य रेखांशावर उभे करून आणा आणि आपण साडेपाच तास पुढे का, हे तेथेच समजावून द्या. उन्हाळ्यात साडेचारच का, हा त्याचा पुढचा प्रश्न असेल. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळे तासभर पुढे करतात, हे उत्तर तयार ठेवा. परतीसाठी कटी सार्क स्थानकातून चालकाविना धावणारी डॉकलँड्सची रेल्वे घ्या. पहिल्या डब्यात पुढची जागा मिळाली तर गाडी आपणच चालवत असल्याचे मुलांना वाटते.

दुसऱ्या दिवशी वेस्टमिन्स्टर. या स्थानकात लिफ्ट आहे आणि बाहेर पडताच समोर बिग बेनचा मनोरा उभा असतो (बिग बेन हे खरे तर आतल्या घंटेचे नाव, मनोऱ्याला २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात). तेथून व्हाइटहॉलच्या रस्त्याने सावकाश हॉर्स गार्ड्सपर्यंत यावे. बकिंगहॅम राजवाड्यापुढचा पहारेबदल पाहायला माणसे तासभर आधीपासून कठड्याला चिकटून उभी राहतात आणि मागच्यांना टोप्यांपलीकडे काही दिसत नाही. हॉर्स गार्ड्सचा घोडेस्वारांचा पहारेबदल रोज अकराला, रविवारी दहाला होतो. तो जवळून दिसतो आणि गर्दीही कमी असते. मग सेंट जेम्स पार्कमधले पेलिकन पाहून ट्रफाल्गर चौकातील नॅशनल गॅलरीत शिरा. तेथे प्रवेश विनामूल्य आहे, बसायला बाके आहेत आणि स्वच्छतागृहे आहेत. या तिसऱ्या सोयीकडे वयस्कर माणसासोबत फिरताना दुर्लक्ष करू नये. मोठी सरकारी संग्रहालये आणि मुख्य रेल्वे स्थानके येथे ती फुकट मिळते.

तिसरा दिवस साउथ केन्सिंग्टनच्या तीन संग्रहालयांचा. नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये मुख्य दालनाच्या छताला टांगलेला २५ मीटर लांबीचा निळ्या देवमाशाचा सांगाडा पाहून मुले गप्प होतील. शेजारचे सायन्स म्युझियम मुलाला आवडेल. या दोन्हींची विनामूल्य वेळ आधी नोंदवून ठेवावी, म्हणजे रांग टळते. तिसरे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. येथेच असलेली वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आणि सर्वप्रथम आपल्या साताऱ्यातल्याच संग्रहालयात ठेवली गेली, तेव्हा मुलांनी ती आधीच पाहिली असतील तर त्यांचे लंडनमधले घर कोणते, हे त्यांना दाखवता येईल. (अफझलखानावर वापरलेली वाघनखे हीच, याला पुरावा नसल्याचे ते संग्रहालय स्वतः सांगते.) मुक्काम मध्यभागी असेल तर पिकॅडिलीवरून येणारी १४ क्रमांकाची बस याच्या दारावरून जाते. एका दिवसात तिन्ही पुरी करण्याचा अट्टहास नको.

लंडन आय हा नदीकाठचा मोठा पाळणा आणि मेणाच्या पुतळ्यांचे प्रदर्शन मी आपल्या यादीतून काढले आहे. उंचावरून शहर पाहायचेच असेल तर स्काय गार्डन या उंच इमारतीच्या माथ्यावरील बागेत पैसे पडत नाहीत. मात्र वेळ काही आठवडे आधी नोंदवावी लागते.

हॉटेल घेताना लिफ्ट आहे का, हे लेखी विचारा. जुन्या घरांतून केलेली हॉटेले सुंदर दिसतात, पण तेथे तिसरा मजला म्हणजे अरुंद जिन्याने तिसरा मजलाच असतो. कुटुंबासाठीच्या खोल्या बहुधा चौघांपुरत्याच असतात, म्हणून पाच जणांनी स्वयंपाकघर असलेली सदनिका पाहावी. आईंच्या वरणभाताचा प्रश्नही त्यातच सुटतो. सोबत मेतकूट, चटण्या, कोरडा चिवडा अवश्य न्यावा. कंदी पेढे मात्र नेऊ नयेत, कारण भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणण्यास मनाई आहे. बाहेर जेवायचे असेल तर यूस्टन स्थानकामागच्या ड्रमंड स्ट्रीटवर भेळपुरीपासून डोशापर्यंत शाकाहारी जेवण पिढ्यान् पिढ्या मिळत आले आहे.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. निकाल साधारण तीन आठवड्यांत येतो, पण उन्हाळी सुट्टीच्या हंगामात त्यावर विसंबू नये. मराठीतील जन्मदाखला किंवा सातबारा जोडणार असाल तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत द्यावे लागते. अर्जाच्या तोंडावर खात्यात अचानक मोठी रक्कम भरू नका; पैसा कोठून आला, हा प्रश्न तेथे नक्की विचारला जातो. विमा सक्तीचा नसला तरी आईंसाठी घ्याच, कारण रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर परदेशी पाहुण्यांना पूर्ण खर्च भरावा लागतो. आणि तारखा ठरवताना मेचा शेवटचा आठवडा टाळा. त्या सोमवारी तेथे सार्वजनिक सुट्टी असते, शाळाही बहुधा आठवडाभर बंद असतात आणि संग्रहालयांत पाय ठेवायला जागा उरत नाही.

प्रश्न : लंडनमध्ये दोनच दिवस आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे निवासस्थान आणि सावरकर राहत होते ते इंडिया हाउस एकाच दिवशी पाहता येईल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : अर्ध्या दिवसात होईल. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड येथे आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते विकत घेतले आणि तेथे स्मारक केले. जवळचे स्थानक चॉक फार्म. निघण्यापूर्वी त्या दिवशीची उघडण्याची वेळ तपासा आणि वस्ती राहत्या लोकांची असल्यामुळे तेथे आवाज जपून करा. बाहेर पडल्यावर शेजारच्या प्रिमरोझ हिलवर दहा मिनिटे बसावे. सारे शहर समोर दिसते. इंडिया हाउससाठी कॅमडेन टाउनला गाडी बदलून त्याच नॉर्दर्न लाइनने हायगेटला जावे. ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू हे आता खाजगी घर आहे, म्हणून भिंतीवरची सावरकरांच्या नावाची पाटी रस्त्यावरूनच पाहावी, घंटा वाजवू नये. उरलेली दुपार ब्रिटिश म्युझियमला द्या. तेथल्या मोठ्या चौकाच्या मधोमध असलेल्या गोल वाचनालयात बाबासाहेब तासन् तास वाचत बसत असत.

प्रश्न : मुलांना दिवाळीची आणि नाताळची अशा दोनच सुट्ट्या आहेत. लंडनसाठी कोणती निवडावी? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दिवाळीची, आणि जमल्यास ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या आत. त्या रविवारी घड्याळे तासभर मागे येतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवाळी उशिरा असेल तर उद्याने, पूल, बोट सकाळी उरकून अंधार पडताच संग्रहालयात शिरावे. शुक्रवारी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट रात्री दहापर्यंत उघडे असते. ५ नोव्हेंबरच्या आसपास फटाके दिसले तर ते आपल्या दिवाळीचे समजू नका. १६०५ साली पार्लमेंट उडवण्याचा कट फसला, त्याची ती आठवण असते. नाताळात रोषणाई सुरेख असते, पण दिवस आणखी लहान होतात आणि २५ डिसेंबरला भुयारी रेल्वे व बस दोन्ही पूर्ण बंद असतात. त्या दिवशी विमान उतरणार असेल तर विमानतळावरून येण्याची गाडी आणि त्या रात्रीचे जेवण भारतातूनच ठरवून निघावे.